माशीपासून माणसापर्यंत टिकलेले सिग्नलिंग पाथवे: नेमकं काय टिकलं आणि आजारात त्याचा उपयोग कुठे होतो?

पेशीजाल

फळमाशी, गोलकृमी, यीस्ट यांच्यात सापडलेले पेशींचे संदेशवहनाचे पाथवे माणसातही आहेत, हे आता कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं. पण तेवढ्या एका वाक्यावर भिस्त ठेवून पुढे बरेच चुकीचे निष्कर्ष काढले जातात. माशीत अमुक जनुक बंद केलं की तमुक होतं, म्हणजे रुग्णातही तेच होणार, असं गृहीत धरलं जातं. म्हणून एकेक पाथवे घेऊन काय टिकलंय, काय बदललंय आणि त्याने निदानात किंवा उपचारात कुठे फरक पडतो, ते इथे सविस्तर लिहू या.

माझं म्हणणं असं की टिकून राहण्याच्या पातळ्या वेगवेगळ्या आहेत. प्रथिनाचा आकार आणि त्यातली नेमकी अमिनो आम्लं ही एक पातळी. कोण कोणाला चालू-बंद करतं ती जोडणी ही दुसरी. आणि कोणत्या कडीवर किती भार आहे ही तिसरी. पहिली सर्वांत चिवट, तिसरी सर्वांत लवकर बदलते. या तिन्ही एकत्र कालवल्या की घोळ होतो.

पहिल्या पातळीसाठी विंट पाथवे बघा. विंट हे पेशीबाहेरून येणारं संदेशाचं प्रथिन, आणि बीटा-कॅटेनिन हे तो संदेश केंद्रकात नेणारं. पेशीबाहेर विंट नसतं तेव्हा अ‍ॅक्सिन, एपीसी, सीके-१ आणि जीएसके-३ मिळून बीटा-कॅटेनिनला धरून ठेवतात. आधी सीके-१ त्याच्या ४५ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतं. ते चढलं की जीएसके-३ ला पुढचा रस्ता मोकळा होतो, आणि ते ४१, ३७, ३३ या जागांवर ओळीने फॉस्फेट लावत जातं. ३३ आणि ३७ वरची फॉस्फेटं ओळखून बीटा-टीआरसीपी त्यावर युबिक्विटिनची, म्हणजे नष्ट करायची खूण लावायला सुरुवात करतं आणि प्रोटिअसोम हे प्रथिनं मोडणारं यंत्र बीटा-कॅटेनिनचा फडशा पाडतं. माशीतलं आर्माडिलो हे प्रथिन याच पद्धतीने नष्ट होतं.

यातली एखादी जागा बदलली तर बीटा-कॅटेनिन साचत जातं, बाहेर विंट असो वा नसो. या चारही जागा बीटा-कॅटेनिनच्या सीटीएनएनबी१ जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यात) येतात. यकृताचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, डेस्मॉइड (संयोजी ऊतीची) गाठ यांत तिथेच बदल सापडतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र साधारण ८०% गाठींत एपीसीच तुटलेलं असतं. परिणाम तोच.

चाचणीच्या बाबतीत एक सावधगिरी. अख्खा तिसरा एक्झॉन गळालेला असेल, तर त्या एक्झॉनच्या आत प्रायमर (वाचन सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसवलेली पीसीआर फक्त शाबूत प्रत वाचते आणि अहवाल 'बदल नाही' असा येतो. गाठीत बीटा-कॅटेनिन केंद्रकात साचलेलं दिसत असेल आणि सिक्वेन्सिंग कोरं असेल, तर आधी ही शक्यता तपासावी.

दुसऱ्या पातळीचं उदाहरण रास, पेशीत चालू-बंद होणारं संदेशाचं प्रथिन. रासची दोन्ही जनुकं काढलेलं यीस्ट जगत नाही, पण माणसाचं एच-रास घातलं की जगतं. हे १९८५ मध्येच दाखवलं गेलं. मात्र यीस्टमध्ये रास अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चालवतं, म्हणजे पुढचा सगळा कारभार सायक्लिक एएमपी हा रेणू आणि पीकेए हे एन्झाइम यांचा. माणसात ते राफ, मेक, इआरके या कायनेजांच्या (फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमांच्या) साखळीला चालवतं. प्रथिन तेच, पण पुढची जोडणी पार वेगळी.

तिसऱ्या पातळीबद्दल हेजहॉगवर काम करणाऱ्यांनी लिहावं.

सूक्ष्मदर्शी

हेजहॉग, म्हणजे भ्रूणाची घडण ठरवणारा पाथवे, हे तिसऱ्या पातळीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. माशीत सुफू, म्हणजे या पाथवेला आवर घालणारं प्रथिन, काढून टाकलं तरी माशी जवळजवळ नॉर्मल जगते, आणि फ्यूज्ड हा कायनेज गेला तर पाथवे कोलमडतो. उंदरात नेमकं उलटं. सुफू गेलं की भ्रूण गर्भातच मरतो, कारण पाथवे सतत चालू राहतो. फ्यूज्डचा उंदरातला भाऊबंद एसटीके३६ काढला तर हेजहॉगला काही होत नाही. तो हलणाऱ्या सिलियांच्या बांधणीसाठी लागतो. भाग तेच, भार मात्र एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. माशीवरून अंदाज बांधला असता तर सुफूला कोणी महत्त्वच दिलं नसतं. प्रत्यक्षात सुफूच्या जन्मजात बदलामुळे लहान मुलांना मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग होऊ शकतो.

दुसरा मोठा फरक प्राथमिक सिलियमचा. पृष्ठवंशीयांत पॅच्ड (हेजहॉगचा रिसेप्टर), स्मूदन्ड (पॅच्डने एरवी दाबून ठेवलेलं प्रथिन), ग्लाय (शेवटी जनुकं चालू करणारं प्रथिन) यांची सगळी ये-जा पेशीवरच्या त्या एका बारीक केसासारख्या अवयवात चालते. माशीच्या बहुतेक पेशींना सिलियम नसतोच, तरी तिथे हेजहॉग चालतं. प्रयोगशाळेतली निम्मी गडबड या एका गोष्टीतून होते, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

एनआयएच ३टी३ या उंदराच्या पेशींवर हेजहॉगची चाचणी लावताना पेशी पूर्ण दाट होऊ द्याव्यात आणि मग सिरम १०% वरून ०.५% वर आणावं. विभाजन चालू असलेली पेशी सिलियम मोडून टाकते. पेशी विरळ असतील किंवा सिरम भरपूर असेल तर स्मूदन्डला बसायला जागाच नसते, आणि स्मूदन्डला चालू करणारं एसएजी हे रसायन कितीही घातलं तरी ग्लाय-१ हलत नाही. सिरम कमी केल्यावर १०० नॅनोमोलर एसएजी, २४ ते ३० तास, मग ग्लाय-१ आणि पॅच्ड-१ यांचं क्यूपीसीआर (जनुकं किती चालू आहेत ते मोजणारी चाचणी). प्रतिसाद आला नाही तर एसएजी वाढवत नेऊ नका. त्याचा आलेख घंटेसारखा आहे. मायक्रोमोलरच्या वरच्या टोकाला गेलं की तेच एसएजी पाथवे दाबायला लागतं. आधी एका कव्हरस्लिपवर एआरएल१३बी किंवा अ‍ॅसिटिलेटेड ट्युब्युलिनने रंगवून किती पेशींना सिलिया आहेत ते मोजा.

आता याचा आजाराशी संबंध. कर्करोगाच्या कित्येक पेशीरेषांना सिलिया नसतात. तरीही 'सायक्लोपामाइनने पेशी मेल्या, म्हणजे ही गाठ हेजहॉगवर जगते' असे निष्कर्ष एके काळी सर्रास निघत. स्मूदन्ड रोखण्याचं सायक्लोपामाइनचं खरं काम काहीशे नॅनोमोलरला होऊन जातं. १० मायक्रोमोलरला पेशी मरत असतील तर त्या दुसऱ्याच कारणाने मरतात. ग्लाय-१ खाली आलं का आणि स्मूदन्ड नसलेल्या पेशीही तशाच मरतात का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय असा दावा मान्य करू नये.

सायक्लोपामाइन आलं ते व्हेराट्रम कॅलिफोर्निकम या रानटी वनस्पतीतून. अमेरिकेत आयडाहोमध्ये मेंढ्यांनी गर्भारपणाच्या १४ व्या दिवसाच्या सुमारास ती खाल्ली तर एक डोळ्याची कोकरं जन्मायची. सॉनिक हेजहॉगचं काम कमी पडलं तर माणसाच्या भ्रूणातही मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत, त्याला होलोप्रोसेन्सेफली म्हणतात. ही कडी मात्र मेंढीत आणि माणसात तंतोतंत एकच आहे.

निळावंती

सुफूचा मुद्दा दवाखान्यातही तसाच्या तसा लागू पडतो. व्हिस्मोडेगिब, दिवसाला १५० मिग्रॅ, जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत बेसल सेल कर्करोगासाठी मंजूर झालं. ते स्मूदन्डला चिकटतं. बदल पॅच्डमध्ये असेल तर स्मूदन्ड त्याच्या खालच्या बाजूला येतं, त्यामुळे औषध लागू पडतं. बदल सुफूत असेल, किंवा ग्लाय-२ च्या प्रती वाढलेल्या असतील, तर बिघाड औषधाच्याही खाली असतो आणि औषधाचा काही उपयोग नसतो. म्हणून एसएचएच (सॉनिक हेजहॉग) गटातल्या मेड्युलोब्लास्टोमात 'हेजहॉग चालू आहे' एवढं कळून भागत नाही, कोणत्या कडीवर चालू झालंय ते कळावं लागतं. सुरुवातीला गुण येऊन मग गाठ पुन्हा वाढली तर स्मूदन्डमधल्या ४७३ व्या जागेचा बदल शोधावा. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडिन आलं की औषध नीट बसत नाही.

पायात गोळे येणं, केस गळणं, तोंडाची चव जाणं हे दुष्परिणाम पाथवेच्या रोजच्या कामातूनच येतात. केसांची मुळं आणि जिभेवरच्या स्वादकळ्या हेजहॉगवर चालतात. वाढीच्या वयातल्या मुलांत हाडांच्या टोकाची वाढीची चकती अकाली बंद होते आणि औषध थांबवल्यावर ती परत उघडत नाही, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच पाथवेला रोखायचा प्रयत्न झाला होता. जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधासोबत स्मूदन्ड रोखणारं सारिडेगिब देऊन घेतलेली चाचणी २०१२ च्या सुरुवातीला थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था जास्त खालावत होती. तिथे गाठीच्या पेशी हेजहॉग नुसतं बाहेर सोडतात आणि ते ऐकतात आजूबाजूच्या आधार-ऊतीच्या पेशी. ती ऊती गाठीला काही प्रमाणात आवरूनही धरते.

चिमटा

नॉच या पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरबद्दल लिहितो, कारण तिथे मात्रेचा प्रश्न आहे. माशीत नॉचची एक प्रत गेली की पंखाच्या कडेला खाच पडते. म्हणजे निम्मं प्रथिन पुरत नाही. हा हळवेपणा माणसापर्यंत आलाय: नॉचला चेतवणाऱ्या जॅग-१ ची एक प्रत गेली की अलागिल सिंड्रोम (यकृत आणि हृदयाचा जन्मजात आजार), नॉच-१ ची एक प्रत गेली की महारोहिणीच्या झडपेचे दोष. रिसेप्टरच स्वतः तुटून केंद्रकात जातो, एक रिसेप्टर म्हणजे एक संदेश. मध्ये संदेश वाढवणारा कायनेज नाही, त्यामुळे निम्म्याचं निम्मंच राहतं.

तोडण्याच्या पायऱ्याही सारख्याच आहेत. शेजारच्या पेशीवरचा लायगंड (रिसेप्टरला चिकटणारं प्रथिन) ओढ लावतो, मग अ‍ॅडॅम-१० बाहेरून कापतं, मग गॅमा-सिक्रेटेज पडद्याच्या आत कापतं आणि आतला तुकडा सुटतो.

नॉच-३ मात्र वेगळं प्रकरण आहे आणि तिथे अहवाल वाचताना फसगत होते. कॅडासिल या मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजारात बदल प्रथिनाच्या ३४ ईजीएफसारख्या घड्यांपैकी एखाद्या घडीत सिस्टीन वाढवतो किंवा घटवतो. प्रत्येक घडीत सहा सिस्टीन असतात, त्यांच्या तीन जोड्या जमतात. पाच किंवा सात झाले की एक सुटा राहतो आणि प्रथिन रक्तवाहिनीच्या भिंतीत साचत जातं. बिघाड साचण्याचा आहे, कमतरतेचा नाही. त्यामुळे एका प्रतीत नॉच-३ प्रथिन अर्ध्यावरच तोडणारा बदल सापडला तर त्याला कॅडासिल म्हणू नये. 'लॉस ऑफ फंक्शन' (काम बंद पडणं) हे शब्द दिसले की अहवाल गंभीरच, असं इथे चालत नाही.

निळावंती

चिमटा, याला जोडून उलटी बाजू लिहिते. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगात निम्म्याहून जास्त रुग्णांत नॉच-१ सतत चालू करणारे बदल असतात, हे २००४ पासून माहीत आहे. आणि त्वचेच्या स्क्वॅमस कर्करोगात तेच नॉच-१ बंद पडलेलं असतं. एकाच प्रथिनाला एका ऊतीत रोखायचं, दुसऱ्या ऊतीत जपायचं.

अल्झायमरसाठी गॅमा-सिक्रेटेज रोखणारं सेमागासेस्टॅट २०१० मध्ये थांबवलं गेलं ते यामुळेही. स्मरणशक्ती सुधारण्याऐवजी आणखी घसरली आणि त्वचेचे कर्करोग वाढले. आतड्यात नॉच रोखलं की शोषण करणाऱ्या पेशींऐवजी म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी भरतात आणि जुलाब सुरू होतात. म्हणून या वर्गातली औषधं अनेक चाचण्यांत रोज न देता मधे खंड ठेवून दिली गेली.

त्याच वर्गातलं निरोगासेस्टॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत डेस्मॉइड गाठीसाठी मंजूर झालं, १५० मिग्रॅ दिवसातून दोनदा. जुलाब इथेही येतातच. तरुण स्त्रियांत अंडाशयाचं काम मंदावतं, त्यामुळे मूल हवं असेल तर ते बोलणं पहिल्या गोळीच्या आधी व्हायला हवं.

कोंब

सगळ्यांचेच प्रतिसाद जपून ठेवण्यासारखे आहेत. एक प्रश्न. रासच्या कामासाठी फॉस्फो-इआरकेचा (फॉस्फेट चढलेल्या, म्हणजे चालू इआरकेचा) ब्लॉट, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांत दाखवणारी चाचणी, लावला की ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) न दिलेल्या पेशींतही जाड पट्टी येते. पेशीत के-रासचा बदल नाही. १६ तास सिरम काढलेलं असतं. ईजीएफच्या आधी माध्यम बदलून ताजं, सिरम नसलेलं माध्यम घालते. कुठे चुकत असेल?

सूक्ष्मदर्शी

कोंब, बहुधा माध्यम बदलण्यातच. माध्यम ओतून काढणं, नवीन घालणं, थाळी हलवणं एवढ्यानेही इआरके काही मिनिटांसाठी पेटतं. सिरम काढताना जे माध्यम घातलं तेच शेवटपर्यंत राहू द्या. ईजीएफचं तीव्र द्रावण करून त्याचा छोटा भाग थेट त्या माध्यमात मिसळा, थाळीत शेवटी १० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिली होईल असं. ईजीएफ न देणाऱ्या थाळीत तितकंच नुसतं बफर घाला, नाहीतर तुलना होत नाही. वेळ ५ मिनिटं. १० मिनिटांनंतर उतार लागतो.

नंतर थाळी थेट बर्फावर. फॉस्फेटेज रोखणारी रसायनं बफरमध्ये आयत्या वेळी घाला: सोडियम फ्लुओराइड १० ते ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, आणि ऑर्थोव्हॅनेडेट १ मिलिमोलर. व्हॅनेडेट पुडीतून काढून नुसतं विरघळवलं तर ते नीट काम करत नाही. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा, पिवळं दिसेल, रंग जाईपर्यंत उकळा, गार करा, पीएच पुन्हा १० वर आणा. उकळल्यावर रंगहीन राहून पीएच स्थिर होईपर्यंत हे करत राहायचं. पिवळं व्हॅनेडेट म्हणजे दहा-दहाचे गठ्ठे झालेलं व्हॅनेडेट, ते फॉस्फेटेजच्या खोबणीत बसत नाही. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी भरपूर असेल तरी ते निकामी होतं.

ब्लॉटचा पडदा अडवायला (मोकळ्या जागा भरायला) दुधाऐवजी ५% बीएसए हे प्रथिन घ्या. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटांनी भरलेलं असतं, पार्श्वभूमी वाढते. आणि एकूण इआरके त्याच पडद्यावर पाहायचं असेल तर आधीची अँटिबॉडी पूर्ण उतरली का ते तपासा. ती जागा अडवून बसली तर एकूण इआरके खोटंच कमी दिसतं आणि गुणोत्तर फुगतं. शक्य असेल तर समांतर दुसरा ब्लॉट लावावा.

चिमटा

त्यात एक भर. ही अँटिबॉडी जिथे चिकटते तो थ्रिओनिन, ग्लुटामिक आम्ल, टायरोसिन हा तिकडीचा तुकडा इतका टिकून आहे की तीच अँटिबॉडी माशीतही चालते. माशीत एकच पट्टी दिसते, माणसात ४२ आणि ४४ किलोडाल्टनच्या दोन. वरच्या पेशीजाल यांच्या वर्गवारीतली पहिली पातळी अशी थेट पडद्यावर दिसते.

निळावंती

राससाठी दोन गोष्टी. के-रासच्या १२ व्या जागी ग्लायसिन असतं, सर्वांत लहान अमिनो आम्ल. रासला बंद करणाऱ्या गॅप प्रथिनाचं आर्जिनिन तिथूनच आत शिरून रासला चालू ठेवणारं जीटीपी तोडायला मदत करतं. त्या जागी जवळपास कुठलंही मोठं अमिनो आम्ल आलं की आर्जिनिनची वाट अडते आणि रास चालूच राहतं. सिस्टीन आलं असेल तर मात्र नशीब थोडं बरं. जीटीपी आपोआप तुटण्याचा वेग बऱ्यापैकी शाबूत असतो, रास मधूनमधून बंद अवस्थेत येतं, आणि सोटोरासिब त्याच अवस्थेत सिस्टीनला कायमचं चिकटतं. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मे २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, रोज ९६० मिग्रॅ. आम्लपित्ताच्या गोळ्या सोबत चालू असतील तर शोषण घटतं. ओमेप्राझोलसारखी गोळी रुग्ण न सांगता घेत असतो, म्हणून मुद्दाम विचारावं.

दुसरी गोष्ट बी-राफची. ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलेलं बी-राफ मेलॅनोमात आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही सापडतं. मेलॅनोमात एकटं बी-राफ रोखलं तरी गाठ आकसते. आतड्याच्या कर्करोगात बहुधा नाही. इआरके दबलं की त्याच्यामुळे ईजीएफआरवर (ईजीएफच्या रिसेप्टरवर) असलेला लगाम सुटतो, ईजीएफआर रासला पेटवतं आणि साखळी दुसऱ्या राफमधून पुन्हा चालू होते. त्वचेच्या रंगपेशींत ईजीएफआर फारसं नसतंच. म्हणून आतड्यासाठी बी-राफ रोखणाऱ्या एन्कोराफेनिबसोबत ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब द्यावं लागतं. बदल एकच, औषधाचं लक्ष्य एकच, तरी ऊती बदलली की उपचार बदलतो.

निरोगी पेशीत बी-राफचं औषध उलटा परिणामही करतं. राफच्या जोडीतल्या एकाला औषध चिकटलं की दुसरा जोडीदार चेततो. जिथे रास आधीच चालू आहे अशा त्वचेच्या पेशींतून मग स्क्वॅमस कर्करोग उगवतात. मेक रोखणारं औषध जोडीला दिलं की त्यांचं प्रमाण घटतं, आणि तरीही त्वचेची नियमित तपासणी सोडू नये.

कोंब

सूक्ष्मदर्शी, आभार, व्हॅनेडेट उकळलेलं नव्हतं आणि माध्यमही बदलत होते, दोन्ही सुधारते.

अजून एक शंका. गोलकृमीत डीएएफ-२ (इन्सुलिन घराण्याचा रिसेप्टर) मंदावलं की आयुष्य दुप्पट होतं. मग इन्सुलिनचा पाथवे माणसातही थोडा मंद करणं फायद्याचं का नाही?

पेशीजाल

कारण कृमीतला प्रयोगही 'थोडा मंद' एवढाच आहे. १९९३ मध्ये आयुष्य दुप्पट झालं ते अंशतः मंदावलेल्या डीएएफ-२ मुळे. पूर्ण गेलं तर कृमी वाढीच्या मधल्याच अवस्थेत अडकतो किंवा मरतो. शिवाय कृमीत या घराण्याचा रिसेप्टर एकच. माणसात त्याचे इन्सुलिन रिसेप्टर आणि आयजीएफ-१ रिसेप्टर असे वेगळे झाले, आणि साखरेचा कारभार पहिल्याकडे आला. माणसात इन्सुलिन रिसेप्टरच्या दोन्ही प्रती गेल्या की डोनोह्यू सिंड्रोम होतो, बहुतेक बाळं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत दगावतात.

टॉर, म्हणजे पेशीची वाढ ठरवणारा कायनेज, मात्र खरोखर जसाच्या तसा आलाय. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जीवाणूपासून टॉर रोखणारं रापामायसिन हे औषध मिळालं. सुरेंद्रनाथ सहगल यांनी त्याच्या कामाचा पाठपुरावा केला. १९९१ मध्ये यीस्टमधून टॉर जनुकं सापडली ती रापामायसिनला दाद न देणारी यीस्टं शोधताना. औषध आधी एफकेबीपी-१२ या प्रथिनाला चिकटतं, मग ती जोडी टॉरला. यीस्टच्या टॉर-१ मधलं १९७२ वं सेरीन बदललं की जोडी चिकटत नाही. माणसाच्या एमटॉरमध्ये तीच जागा २०३५ वी. मात्र बेकरीच्या यीस्टमध्ये टॉरला आवर घालणारी टीएससी-१ आणि टीएससी-२ नाहीतच, त्यामुळे ती तुटून होणारा ट्यूबरस स्क्लेरोसिस तिथे अभ्यासता येत नाही. फिशन यीस्टमध्ये ती आहेत, माशीतही आहेत.

निळावंती

ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये रापामायसिनच्या जातीचं एव्हेरोलिमस देताना रक्तपातळी पाहिली जाते, त्याबद्दल थोडं. मेंदूतल्या सेगा गाठीसाठी पुढच्या डोसच्या अगदी आधीची पातळी ५ ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवतात. नमुना ईडीटीएच्या नळीत, संपूर्ण रक्ताचा. औषध लाल पेशींत साठतं, प्लाझ्मा पाठवला तर आकडा भलताच कमी येतो. डोस बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावं.

या रुग्णांना फिट्स असतात, त्यामुळे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असणं नेहमीचं. ती दोन्ही सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं एन्झाइम वाढवतात आणि एव्हेरोलिमसची पातळी पाडतात. उलट क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरची अझोल औषधं पातळी वर चढवतात. तोंड येणं सर्वांत जास्त त्रास देतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जखम भरायला उशीर होतो, हे शल्यचिकित्सकाला आधी कळवावं. आणि औषध थांबवलं की गाठ बहुधा पुन्हा वाढते. टीएससी तुटलेलंच असतं, औषध फक्त खालची कडी दाबून धरतं.

कोंब

मग रुग्णात नवीन बदल सापडला आणि तो माशीत तपासायचा ठरवलं, तर कुठून सुरुवात करायची?

चिमटा

आधी माशीतलं जोडीदार जनुक नक्की करा. डायऑप्टसारखं जोडीदार जनुकं शोधणारं साधन अनेक पद्धतींचा कौल एकत्र देतं. माणसाकडून माशीकडे आणि माशीकडून परत माणसाकडे शोधल्यावर तेच जनुक यायला हवं. मग दोन्ही प्रथिनं शेजारी मांडून नेमकी ती जागा पाहा. अमिनो आम्ल तेच नसेल तर माशीच्या जनुकात बदल घालून फारसं काही कळत नाही. माणसाचं सीडीएनए (जनुकाची फक्त एक्झॉन असलेली प्रत) वापरावं.

माझ्या मते सर्वांत भरवशाची मांडणी ही. माशीच्या जनुकात टी२ए-गॅल४ ची पट्टी बसवायची. त्याने माशीचं स्वतःचं प्रथिन अर्धवट राहतं आणि त्याच जागी, त्याच वेळी गॅल४ हे दुसरं जनुक चालू करणारं प्रथिन बनतं. मग यूएएस या गॅल४ ने चालू होणाऱ्या पट्टीमागे माणसाचं सीडीएनए, एक नॉर्मल आणि एक बदललेलं, दोन्ही माशीच्या डीएनएतल्या एकाच अ‍ॅट-पी जागेवर. जागा वेगळ्या असतील तर तुम्ही बदल नव्हे, जागेचा परिणाम मोजत बसाल.

सगळ्यात आधी नॉर्मल माणसाचं सीडीएनए माशीला वाचवतं का ते बघा. नाही वाचवलं तर पुढचा प्रयोग तिथेच थांबतो. आयसोफॉर्म (त्याच प्रथिनाचा प्रकार) चुकला असेल, किंवा प्रथिनाचा जोडीदार माशीत नसेल. वाचवलं तर १८, २५ आणि २९ अंशांना वाढवा. गॅल४ तापमानासोबत जोर धरतं. अर्धवट कमजोर बदल २९ अंशांना प्रथिनाच्या पुरामुळे नॉर्मलसारखाच वागतो, १८ ला त्याचं पितळ उघडं पडतं. मोजणाऱ्याला कोणती बाटली कोणाची ते ठाऊक नसावं.

बदल जास्त काम करणारा असण्याचा संशय असेल तर वाचवण्याचा प्रयोग पुरत नाही. तो साध्या माशीतही घालून बघायचा, आणि शेजारी नॉर्मल सीडीएनए तितकंच घालून. पाथवेची कित्येक प्रथिनं नुसती जास्त झाली तरी पंख वेडावाकडा होतो.

अहवालात पीएस-३ हा (प्रयोगातून बदल रोगकारक ठरवणारा) पुरावा लावताना क्लिनजेन या जनुक-बदल तोलणाऱ्या गटाची शिफारस लक्षात ठेवा. वेगळं सांख्यिकी विश्लेषण नसेल तर मध्यम दर्जाच्या पुराव्यासाठी आधीच ठाऊक असलेले रोगकारक आणि निरुपद्रवी मिळून किमान ११ बदल त्याच चाचणीतून गेलेले हवेत. एक नॉर्मल आणि एक रुग्णाचा, एवढ्यावर मध्यम दर्जा मिळत नाही.

सूक्ष्मदर्शी

काही बदल 'कमी' आणि 'जास्त' या दोन्हींत बसत नाहीत, तेही सांगायला हवं. एफओपी या आजारात स्नायूंच्या जागी हाड तयार होतं. बहुतेक रुग्णांत एसीव्हीआर-१ या रिसेप्टरच्या २०६ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन असतं. नॉर्मल एसीव्हीआर-१ ला अ‍ॅक्टिव्हिन-ए चिकटतं पण पुढे संदेश जात नाही. बदललेला रिसेप्टर त्याच अ‍ॅक्टिव्हिन-ए ला बीएमपी (हाड बनवायला सांगणारं प्रथिन) समजून हाड बनवण्याचा हुकूम देतो. चाचणीत फक्त बीएमपी घातलं तर फरक किरकोळ दिसेल आणि मूळ बिघाड निसटेल. अ‍ॅक्टिव्हिन-ए घातलंच पाहिजे.

टोल या रोगप्रतिकाराच्या रिसेप्टरचंही असंच, ते काय ओळखतं तेच बदललंय. १९९६ मध्ये माशीत बुरशीविरुद्ध टोलचं काम दिसलं, १९९८ मध्ये उंदरात त्याच घराण्यातल्या टीएलआर-४ चं काम उमगलं, २०११ चं नोबेल त्यावर मिळालं. पण माशीचं टोल जंतूला हात लावत नाही, ते स्पेट्झल या स्वतःच्याच प्रथिनाला ओळखतं. आपलं टीएलआर-४ एमडी-२ च्या मदतीने जंतूचं एलपीएस (आवरणाचा घटक) धरतं. खालचं एमवायडी-८८ हे संदेश पुढे नेणारं प्रथिन दोघांत सारखं. त्यातला २६५ व्या जागेचा बदल वाल्डेनस्ट्रॉम या रक्ताच्या कर्करोगाच्या ९०% हून अधिक रुग्णांत सापडतो.

कोंब

शेवटचा प्रश्न. विंट इतकं जुनं आणि इतक्या गाठींत बिघडलेलं, तरी विंट रोखणारं कर्करोगाचं औषध अजून रुळलेलं का नाही?

पेशीजाल

कडी चुकते म्हणून. पॉर्क्युपाइन हे एन्झाइम विंटवर मेदाम्ल चढवतं, त्याशिवाय विंट पेशीबाहेर पडत नाही. त्याला रोखणारी औषधं आहेत. पण आतड्याच्या बहुतेक गाठींत एपीसी तुटलेलं असतं, म्हणजे बिघाड विंटच्या बराच खाली. विंट बंद केलं तरी बीटा-कॅटेनिन साचतच राहतं. शिवाय हाडाला विंट लागतं. विंटचा सह-रिसेप्टर असलेल्या एलआरपी-५ च्या दोन्ही प्रती गेलेल्या मुलांची हाडं ठिसूळ होतात आणि दृष्टी जाते. त्यामुळे विंट दाबणाऱ्या औषधांसोबत हाडांच्या घनतेवर लक्ष ठेवावं लागतं.

ही औषधं तर्काने तिथेच लागू पडतील जिथे गाठ बाहेरच्या विंटवर जगते. विंटचा संदेश वाढवणाऱ्या आर-स्पॉन्डिनची जनुकं दुसऱ्या जनुकाला जोडली गेलेल्या गाठी, आणि आरएनएफ-४३ तुटलेल्या गाठी. आरएनएफ-४३ एरवी विंटचे फ्रिझल्ड रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून काढून टाकतं; ते गेलं की रिसेप्टर वाढतात आणि पेशी विंटसाठी हावरी होते. आर-स्पॉन्डिन माशीत नाहीच, त्यामुळे हा भाग माशीतून कधी कळला नसता.

पण आरएनएफ-४३ मधला सगळ्यात जास्त सापडणारा बदल म्हणजे ६५९ व्या जागेवरच्या ग्लायसिनपासून वाचन सरकणं (फ्रेमशिफ्ट). तिथे डीएनएत सात जी (ग्वानिन) ओळीने आहेत, आणि डीएनए दुरुस्ती बिघडलेल्या, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट अस्थिर गाठींत असे पट्टे सहज घसरतात. कागदावर तो प्रथिन तोडणारा बदल दिसतो. पेशींतल्या चाचण्यांत मात्र हे आखूड प्रथिन फ्रिझल्ड काढण्याचं काम बऱ्यापैकी करतं, कारण त्यासाठी लागणारा रिंग भाग ६५९ च्या खूप आधी येतो. तेव्हा अहवालात आरएनएफ-४३ फ्रेमशिफ्ट दिसलं तर आधी जागेचा आकडा बघायचा, मग एमएसआयचा (मायक्रोसॅटेलाइट अस्थिरतेचा) निकाल, आणि त्यानंतर एपीसी आणि सीटीएनएनबी१ दोन्ही शाबूत आहेत ना ते. या दोघांपैकी एखादं गेलेलं असेल तर पॉर्क्युपाइन रोखून त्या रुग्णाला फायदा होणार नाही.